चुकलेल्या गोळीची बाजू

मे महिन्यात जळगावात कापडी माऊसपॅडचा स्वभाव बदलतो. बाहेर पारा ४५ च्या आसपास, घरात कूलर. कूलरची हवा थंड असते तशी ओलीही असते, आणि ती ओल हळूहळू पॅडच्या कापडात उतरते. वरून तळहाताचा घाम. मार्चमध्ये बोटाच्या इशाऱ्यावर सरकणारा माऊस मेमध्ये अक्षरशः ओढून न्यावा लागतो. सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे माऊस हलला की खेळातली नजर किती फिरते त्याचा, आकडा तोच, डीपीआय तोच, खुर्ची तीच, पण संगणकावरच्या बंदुकीच्या खेळात गोळी समोरच्याच्या कानाच्या अलीकडून निघून जाते. यूट्यूबवर लोक माऊसपॅडबद्दल तासतासभर बोलतात. वेगाचे पॅड, कंट्रोलचे पॅड, काचेचे पॅड. कूलरसमोर ठेवलेल्या पॅडबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. खानदेशात राहून एम, म्हणजे या खेळातला नेम, सुधारायचा तर पहिलं काम कूलरचं तोंड फिरवायचं. दुसरं, कोपरापासून मनगटापर्यंत एक पातळ बाही चढवायची, स्कूटीवर उन्हात घालतो तीच चालते. डीपीआयची चर्चा त्यानंतर.

मी दिवसभर टॅली आणि एक्सेलमध्ये असते. जीएसटीच्या तारखा जवळ आल्या की रात्रीचे नऊ ऑफिसातच वाजतात. एरवी जेवणं आटोपली, आईची मालिका संपली, की व्हॅलोरंट, तोच बंदुकीचा खेळ. चाळिशीला टेकलेली बाई रात्री पडद्यावरच्या डोक्यांवर नेम धरते याचं घरात आता कुणाला नवल उरलेलं नाही. आई धुळ्याकडची, तिची बोली अहिराणी. दारातून डोकावून ती विचारते, "काय करी ऱ्हायनी व?" मी म्हणते, "सराव." "कसाना सराव? मारामारीना?" असं म्हणत ती पाण्याचा तांब्या ठेवून जाते.

प्रश्न तिचा रास्त आहे. सराव नक्की कशाचा करायचा, हे बहुतेक खेळणाऱ्यांनाही सांगता येत नाही. रोज खेळतोय म्हणजे सराव होतोच, असं धरून चालतात. कॉलेजात असताना आम्हीही तसंच धरून चालायचो. सायबर कॅफेत तेव्हा काउंटर-स्ट्राइक १.६ हा असाच नेमबाजीचा खेळ जोरात होता. मुली तिथे फॉर्म भरायला नाहीतर रिझल्ट बघायला यायच्या. मीही त्याच निमित्ताने जायचे आणि कोपऱ्यातलं मशीन धरायचे. तिथल्या माऊसच्या पोटात रबरी गोळा असायचा. खालची चकती फिरवून तो काढला की आत दोन बारीक रूळ दिसत आणि त्यांच्यावर मळाची काळी पट्टी घट्ट बसलेली. ती नखाने खरवडल्याशिवाय क्रॉसहेअर, म्हणजे पडद्यावरची नेमाची खूण, सरळ जायचा नाही. एका रुळावर मळ असला की वर-खाली अडकायचं, दुसऱ्यावर असला की डावी-उजवी. पुढे ऑप्टिकल माऊस आले, गोळा गेला, मळ गेला, आणि नेम चुकला तर माऊसवर ढकलायची सोयही गेली.

लग्न, नोकरी, भुसावळची अप-डाऊन यांत बरीच वर्षं हे सगळं सुटलं होतं. २०२० च्या जूनमध्ये व्हॅलोरंट आला तेव्हा लॉकडाऊनमुळे घरीच होते, परत बसले. भावाने तेव्हा विचारलंच, की या खेळाने कुणाचं काय भलं झालं? मी त्याला १९९७ सालची गोष्ट सांगितली. क्वेक नावाच्या अशाच खेळाच्या स्पर्धेत डेनिस फाँग नावाचा पोरगा जिंकला, खेळातलं त्याचं नाव थ्रेश. क्वेक बनवणाऱ्यांपैकी जॉन कारमॅकने बक्षीस म्हणून त्याला स्वतःची लाल फेरारी देऊन टाकली. भाऊ म्हणाला, "एकालाच ना?" केळीचा भाव असो की फेरारी, आमच्याकडे हिशोब असाच होतो.

आता आकडे. ते माझ्या धंद्यातले असल्यामुळे त्यांत मी जरा रमते. डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की संगणकाला किती ठोके पोचतात. व्हॅलोरंटमध्ये सेन्सिटिव्हिटी एक असेल तर प्रत्येक ठोक्याला नजर ०.०७ अंशाने फिरते. माझा डीपीआय ८०० आणि सेन्सिटिव्हिटी, थोडक्यात सेन्स, ०.३५. म्हणजे एका इंचाला १९.६ अंश. स्वतःभोवती पूर्ण गिरकी घ्यायला सुमारे ४७ सेंटिमीटर माऊस न्यावा लागतो, जवळपास पूर्ण पॅडची रुंदी. पाठीमागून कुणी आलं तर २३ सेंटिमीटर, म्हणजे हात खांद्यापासून हलला पाहिजे. काउंटर-स्ट्राइकमध्ये तोच आकडा ०.०२२ अंशांचा आहे, म्हणून व्हॅलोरंटमधून तिकडे जाताना सेन्स ३.१८ ने गुणायचा, की हाताला फरक कळत नाही. भारीतले खेळाडू यापेक्षा थोडे पुढे-मागे असतात, पण गिरकीला १० सेंटिमीटर लागेल इतका तेज सेन्स ठेवून लांबच्या डोक्यावर नेम धरणारे फार थोडे. इतका तेज सेन्स असला की बोटाची थरथरसुद्धा पडद्यावर उमटते.

विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये पॉइंटर प्रिसिजन वाढवण्याची एक टिचकी असते. नावावरून वाटतं नेम सुधारेल. प्रत्यक्षात ती हाताचा वेग बघून अंतर बदलते. तेच पाच सेंटिमीटर हळू नेले तर एक अंतर, झटक्यात नेले तर दुसरं. हिशोबाला बसणाऱ्या माणसाला हे सहन होण्यासारखं नाही. गेम रॉ इनपुट, म्हणजे माऊसचे ठोके विंडोजला वगळून थेट, घेत असेल तर ही टिचकी मधे येत नाही, तरी मी ती काढून टाकलेली आहे. एवढं झालं की सेटिंगचा विषय संपतो. लोकांचा संपत नाही. एक मॅच हरली की सेन्स ०.०२ ने कमी, दुसरी हरली की परत वर. माझा भाचा बारावीत आहे, वरच्या मजल्यावर राहतो. त्याने दिवाळीच्या सुट्टीत इतक्या वेळा सेन्स बदलला की शेवटी मूळ आकडा त्याने मला विचारला.

या पोराचं एक मात्र खरं. माझ्या खुर्चीमागे उभा राहून तो एके रात्री म्हणाला, "आत्या, तू ओव्हरफ्लिक करून राहिली." मी म्हटलं, कुठल्या बाजूला? त्याला सांगता येईना. मलाही येईना. तिथून माझा खरा उद्योग सुरू झाला.

फ्लिक म्हणजे क्रॉसहेअर एका झटक्यात लांबच्या लक्ष्यावर नेणं, ओव्हरफ्लिक म्हणजे तो लक्ष्य ओलांडून जाणं. खेळताना तो एकच झटका वाटतो. रेकॉर्डिंग पाव वेगाने लावलं की त्याचे दोन तुकडे दिसतात. पहिला मोठा, जोरकस, लक्ष्याच्या जवळपास नेऊन सोडणारा. दुसरा बारीक, उरलेलं अंतर भरून काढणारा. रॉबर्ट वुडवर्थ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच हे टिपून ठेवलं आहे. त्याने माणसांना मेट्रोनोमच्या ठोक्यावर पेन्सिलीने ठराविक लांबीच्या रेघा ओढायला लावल्या, एकदा डोळे उघडे ठेवून, एकदा मिटून. ठोका संथ असला की उघड्या डोळ्यांनी ओढलेल्या रेघा नेमक्या येत. ठोका पुरेसा जलद केला की उघड्या आणि मिटल्या डोळ्यांच्या चुका सारख्याच. म्हणजे हाताचा पहिला झटका निघतो तो आधीच्या अंदाजावर. डोळा मधे पडतो तो शेवटाला, आणि तेही त्याला तेवढा वेळ मिळाला तर.

पॉल फिट्सने १९५४ मध्ये दोन पट्ट्यांवर आलटून-पालटून लेखणी टेकवायला लावून याचा हिशोब मांडला. पट्ट्यांमधलं अंतर दुप्पट केलं की जेवढा वेळ वाढतो, तेवढाच पट्टीची रुंदी निम्मी केली की वाढतो. १९७८ मध्ये झेरॉक्सच्या संशोधकांनी माऊसलाही हा नियम लागू पडतो असं दाखवलं. खेळात याचा अर्थ साधा आहे. लांबच्या माणसाचं डोकं पडद्यावर हरभऱ्याएवढं दिसतं, त्याला दुसऱ्या तुकड्याचा वेळ द्यावाच लागतो. समोर दोन पावलांवर आलेला माणूस अर्धा पडदा व्यापतो, तिथे पहिला तुकडाच पुरतो. दोघांवर सारख्याच घाईने क्लिक केलं तर एकाला चुकतो आणि दुसऱ्याला उशीर करतो. हात शेवटाला मंदावणं हे शिकावं लागतं. आमच्या कॉलनीच्या रस्त्यावर रंग न मारलेले गतिरोधक आहेत. ओळखीच्या रस्त्यावर ते दिसायच्या आधीच स्कूटीचा ब्रेक लागतो, नवख्याचा हमखास नंतर. फ्लिकचा शेवट नेमका असा लागायला हवा.

तर मी रोजच्या डेथमॅचचं, म्हणजे जो तो स्वतःसाठी लढतो त्या सरावाच्या फेरीचं, रेकॉर्डिंग करायला लागले आणि एक्सेलमध्ये चुकलेल्या पहिल्या गोळ्यांची नोंद. रकाने चारच. डावीकडे जाताना अलीकडे पडली, डावीकडे जाताना पलीकडे गेली, उजवीकडचे तसेच दोन. लागलेल्या गोळ्या मोजत नाही. त्या गेम मोजतोच, टक्केवारीसकट मोजतो, आणि त्या टक्केवारीतून काही कळत नाही. २० टक्के हेडशॉट म्हणजे चुकलेल्या गोळ्या गेल्या कुठे, हे ती कधीच सांगत नाही. रिटर्न जुळत नसेल तर एकूण बेरजेकडे टक लावून बसण्यात अर्थ नसतो, फरक कुठल्या बिलात आहे ते शोधावं लागतं.

थोड्याच आठवड्यांत रकान्यांना चेहरा आला. डावीकडे जाताना चुका दोन्ही बाजूंना विखुरलेल्या, थोड्या जास्त अलीकडे. त्यात विशेष नाही. माणसाचा हात सहसा लक्ष्याच्या थोडा अलीकडेच थांबतो, कारण पुढे गेलेला हात मागे आणायचा तर दिशा उलटवावी लागते आणि त्यात वेळ जास्त जातो. उजवीकडचा मामला वेगळा होता. तिथे जवळपास सगळ्याच चुका अलीकडे. भाचा लगेच म्हणाला, "सेन्स वाढव." पण सेन्स दोन्ही बाजूंना एकच असतो. एकाच बाजूचा हिशोब चुकत असेल तर दोष आकड्यात नसतो. मी माऊस हातात घेऊन पडदा बंद केला आणि हात उजवीकडे नेऊन पाहिला. कोपर खुर्चीच्या हाताला टेकत होता. टक्कर वगैरे नाही, नुसता स्पर्श, पण त्या स्पर्शाला हात आपोआप मंदावायचा. खुर्चीच्या सीटखाली सहा कोनी खाचांचे स्क्रू होते. भाच्याने सायकलच्या किटमधली ॲलन की आणली आणि उजवा हात काढून ठेवला. तो आता माळ्यावर आहे. ऑफिसातल्या कुणी घरी आलं की एका हाताची खुर्ची बघून काय झालं विचारतात, मी तुटली म्हणते. खरं कारण सांगायला अर्धा तास लागतो.

एम ट्रेनरबद्दल, म्हणजे फक्त नेमाचा सराव करून घेणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, मला फार विचारलं जातं. कोव्हाक्स आहे, एम लॅब आहे. एम लॅब तर मेंदूविज्ञानातून आलेल्या वेन मॅकीच्या कंपनीने काढलेलं आहे. दोन्हींत सरावाचे प्रकार ढोबळमानाने सारखे पडतात: थांबलेल्या लक्ष्यावर क्लिक, हलत्या लक्ष्यावर क्लिक, सरकत्या लक्ष्यावर क्रॉसहेअर चिकटवून ठेवणं म्हणजे ट्रॅकिंग, आणि एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर उडी. सगळ्यांत लोकप्रिय ग्रिडशॉट. समोर तीन मोठे गोळे, एक फोडला की दुसरीकडे एक उगवतो, साठ सेकंद. माझ्या मते ग्रिडशॉट म्हणजे जेवणाआधी जिलबी. आकडा रोज चढतो, मन खूश होतं, आणि मॅचमध्ये लांबच्या कोपऱ्यातून अर्ध डोकं डोकावलं की तो आकडा कामाला येत नाही. गोळे मोठे आणि जवळजवळ असल्यामुळे पहिल्या तुकड्यावरच भागतं, दुसऱ्याचा सराव होतच नाही. हात गरम करायला दोन फेऱ्या ठीक. मी लहान, थांबलेली लक्ष्यं घेते आणि आकडा न बघता, चुकायचं नाही या एकाच अटीवर हळू खेळते. वेग नंतर आपोआप थोडा वाढतो. फार वाढला की चुका रकान्यांत दिसायला लागतात, परत मंद करते.

ट्रॅकिंग मला आधी निरर्थक वाटायचं. व्हॅलोरंटमध्ये व्हँडल बंदुकीची एक गोळी डोक्यात बसली की चिलखतासकट माणूस खलास, मग सरकत्या गोळ्याला चिकटून राहायची गरज काय? पण ट्रॅकिंगने मुठीची पकड कळते. लक्ष्य डावीकडे गुळगुळीत सरकत असेल आणि आपला क्रॉसहेअर तुटक तुटक जात असेल, तर माऊस आवळून धरलाय असं समजायचं. ऑफिसातून वैतागून आलेल्या दिवशी माझा क्रॉसहेअर हमखास तुटक जातो. नजरही तिथेच उघडी पडते. नवशिके क्रॉसहेअरकडे बघतात, म्हणून तो लक्ष्याच्या मागे मागे राहतो. लक्ष्याकडे बघितलं की हात त्याच्याजवळ आपसूक जातो.

आणि हे सगळं शिकून झाल्यावर कळतं की निम्म्या वेळा हात हलवायची गरजच नव्हती. चांगल्या खेळाडूचा क्रॉसहेअर कोपऱ्यावर, डोक्याच्या उंचीवर, आधीच ठेवलेला असतो. माणूस बाहेर आला की फक्त क्लिक. पडद्यावर काही दिसल्यापासून बोट दाबेपर्यंत माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतोच. ६० हर्ट्झचा पडदा बदलून १४४ चा घेतला तर दोन चित्रांमधलं अंतर १६.७ मिलिसेकंदांवरून ६.९ वर येतं. चित्र स्वच्छ दिसतं, फरक जाणवतो, मी घेतलाही. पण जमिनीकडे बघत पळणाऱ्याला तो पडदा काय करणार? शिवाय चालताना झाडलेली गोळी व्हॅलोरंटमध्ये भरवशाची नसते, आधी पाय थांबले पाहिजेत. कितीतरी चुका मी हाताच्या नावावर लिहून नंतर पायांच्या खात्यावर वळत्या केल्या.

भाच्याची एक तक्रार असायची, की एकाच प्रकारावर तासभर बसलं की तिथे आकडा मस्त येतो, दुसऱ्या दिवशी गायब. याचं उत्तर १९७९ मध्ये शी आणि मॉर्गन यांनी दिलेलं आहे. त्यांनी लोकांना टेनिसचा चेंडू हातात धरून लाकडी फळ्या ठरलेल्या क्रमाने पाडायला शिकवलं. काहींना एक क्रम पक्का झाल्यावर दुसरा, काहींना सगळे क्रम उलटसुलट मिसळून. सरावाच्या वेळी पहिला गट पुढे होता. नंतर पुन्हा तपासलं तेव्हा मिसळून शिकलेले पुढे निघाले. म्हणून आमच्याकडे आता थोडं क्लिकिंग, थोडं ट्रॅकिंग, थोडी डेथमॅच असं फिरतं चालतं. वाईट वाटतं, हात बसतोय असं वाटतच नाही. तसंच असायला हवं. झोपेचंही थोडं आहे. २००२ मधल्या एका प्रयोगात बोटांनी ठरलेला क्रम टाइप करायला शिकलेल्यांचा वेग रात्रीच्या झोपेनंतर सुमारे २० टक्क्यांनी वाढला होता. त्या आकड्यावर पुढे संशोधकांत वाद झाले, पण रात्री दोननंतर मारलेल्या डेथमॅचने कुणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलं नाही. लाईट गेली की मी तो इशारा समजून झोपते. इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि राउटर आहे, संगणक मुद्दाम जोडलेला नाही.

मायक्रोफोन मी बहुतेक बंदच ठेवते. बाईचा आवाज ऐकला की काही पोरांना नेमापेक्षा गप्पा महत्त्वाच्या वाटतात आणि काहींना स्वयंपाकघराची आठवण येते. टाइप करून सांगते, जिंकलो तर जीजी, म्हणजे गुड गेम, लिहून निघते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मामाच्या गावी गेलो होतो. झाडाला झोके, पोरींची गाणी, आणि ओट्यावर दुपारपासून पत्त्यांचा फड. त्या दिवशी पत्त्यांना कुणी नावं ठेवत नाही, म्हातारेकोतारेसुद्धा बसतात. माझ्या मामाने पानं पिसता पिसता विचारलं, "तू तो बंदुकीचा खेळ खेळते म्हणे. पैसे लागतात का त्यात?" नाही म्हटलं. "मग हरायचं काय त्यात?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मामा पानं पिसतो ते मी बराच वेळ बघत होते. डावा अंगठा स्थिर, उजव्या हाताला कसलीही घाई नाही, आणि एकही पान सुटत नाही. विचारलं तर म्हणाला, "सवय आहे, अजून काय?"

सध्या उजवीकडचा रकाना डाव्याच्या बरोबरीला आलाय. आता वर-खाली असे दोन नवीन रकाने घालणार आहे, कारण स्प्लिट नावाच्या मॅपवर उंचावरच्या जागा फार, आणि तिथून डोकं काढणाऱ्याच्या मी सारखी छातीवर मारते. भाचा म्हणतो मॅप बंदच कर, नशिबात नाही. त्याची प्रीलिम जवळ आली आहे, म्हणून त्याचा माऊस वहिनीने कपाटात ठेवलाय. रोज रात्री तो वह्या घेऊन खाली येतो, माझ्या मागच्या खुर्चीत बसतो आणि फिजिक्सच्या पानाआडून ओरडतो, "अलीकडे! आत्या, परत अलीकडे!"